दुसरा भंडारा

सांगलीत राहून हळदीशी वैर धरलेला माणूस अख्ख्या विश्रामबागेत एकच होता, आणि तो नेमका आमदार होता.

त्याची बायको क्रांती रोज सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नसे. दिवा झाला, यमाईच्या तसबिरीला फूल वाहून झालं, की ती स्वयंपाकघरात यायची आणि दोन पातेली चढवायची. एकात घरातल्या सगळ्यांचं पिवळं वरण, दुसऱ्यात साहेबांचं पांढरं. भाजी दोन प्रकारची. पिठलं तर या घरात होतच नव्हतं.

"वयनी, एक इचारू का?" भाकरी थापता थापता बनाबाई म्हणाली. ती नवीनच कामाला लागली होती आणि तिला सगळंच विचारायचं असायचं. "सायबांना पथ्य हाय का कसलं?"

"असंच समज."

"न्हाई, आमच्यात बिनहळदीचं सुतकातच शिजतंय, म्हनून इचारलं. रोजच्या रोज बघून जिवाला कसंतरीच हुतंय."

क्रांतीने पांढऱ्या वरणावर झाकण ठेवलं.

मोसमात मार्केट यार्डाकडून वारा सुटला की सगळ्या गावाला हळदीचा वास येतो. सांगलीकरांना तो वास येतो हेही कळत नाही, इतका तो सवयीचा. पण आमदार अर्जुन कोळेकरांच्या गाडीच्या काचा तेव्हा वर जायच्या आणि ड्रायव्हर सम्मेद न सांगता लांबच्या रस्त्याने गाडी घ्यायचा. एका लग्नात कुणा उत्साही माणसाने आमदारांना हळदी-कुंकवाचा टिळा लावायला बोट पुढे केलं, तर साहेब असे मागे सरले की मागच्या दोघांचे पाय तुडवले गेले. लोकांनी ते हसण्यावारी नेलं. क्रांतीला हसू आलं नव्हतं. तिला तो तिटकारा कुठून आला ते ठाऊक होतं.

आणि एक खुर्चीचंही होतं.

सोमवारी बंगल्याच्या पुढच्या अंगणात लोक कामं घेऊन यायचे. कुणाचा ट्रान्सफॉर्मर जळलेला, कुणाच्या पोराची बदली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असायच्या, त्या भरायच्या, मग लोक पायरीवर बसायचे, कुंपणाला टेकून उभे राहायचे. पण पारिजातकाजवळची कडेची एक खुर्ची रिकामी राहायची. क्रांतीने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा एका म्हाताऱ्या बाईला म्हणाली, "आजी, उभ्या का? ती खुर्ची आहे की."

"ते आत्ताच उठून गेल्यात न्हवं," आजी म्हणाली. "येतील की परत."

"कोण?"

आजीने खुर्चीकडे पाहिलं, जरा गोंधळली. "घोंगडंवालं म्हातारं. का आदीच गेलं? ऱ्हाऊ द्या, मला उभं ऱ्हायची सवं हाय."

पुढच्या सोमवारी क्रांतीने ती खुर्ची स्वतः उचलून आत नेली. तर कडेची दुसरी रिकामी राहिली.

*

अर्जुन कोळेकर वकील झाला तो मेंढरांच्या केसेसवर. हिंगणमाळ हे त्याचं गाव सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर, पूर्वेच्या कोरड्या अंगाला. दिवाळी झाली की निम्मं गाव मेंढरं घेऊन घाटाकडं निघायचं. अर्जुनचे आईबापही जायचे. मग शाळकरी अर्जुन चुलत्याच्या, बाळासोतात्याच्या, घरी राहायचा. सुलाबाई काकीने त्याला आपल्या पोरासारखं वाढलं; तिला स्वतःचं मूल नव्हतं.

मेंढरं फॉरेस्टात शिरली की गार्ड ती कोंडवाड्यात घालायचे आणि धनगरावर केस व्हायची. तालुक्याच्या कोर्टात त्या केसेस कुणी मन लावून चालवत नसे. अर्जुन चालवायचा. आणि बोलायचा तर असा, की न्यायाधीशसुद्धा चष्मा काढून ऐकत. त्याचा पहिला अशील बाळासोतात्याच. त्या दिवशी तात्या सुटला आणि कोर्टाच्या आवारात सगळ्यांना सांगत सुटला, "आमचं पोरगं बोलाय लागलं की मुकी मेंढरं बी साक्ष द्यायला हुबी ऱ्हातील."

पुढे तो बार असोसिएशनचा अध्यक्ष झाला, पंचायत समितीत गेला, आणि गेल्या खेपेला विधानसभेला उभा राहिला. समोर साखर कारखान्याचे चेअरमन होते.

इथंच ते घडलं.

त्या भागात मत पक्कं करायची एक रीत आहे. देवळात जायचं, बिरोबाच्या पायाशी ठेवलेला भंडारा, म्हणजे हळदीची पूड, मुठीत उचलायचा आणि शब्द द्यायचा. भंडारा उचलला की विषय संपला. मोडायची कुणाची छाती होत नाही. अर्जुनला तिकीट मिळायच्या कितीतरी आधी, दसऱ्याच्या सुमाराला, चेअरमनची माणसं हिंगणमाळात येऊन गेली होती. तळ्यात कालव्याचं पाणी सोडतो म्हणाली. बाळासोतात्यासह पाचसहा जाणत्यांनी त्यांच्यासाठी भंडारा उचलला होता. तेव्हा आपलाच अर्जुन उभा राहील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग अर्जुन उभा राहिला आणि हिंगणमाळात आला. देवळात गाव जमलं. पुजारी म्हणाले, लगीन झालेल्या माणसानं एकट्यानं देवाचं काही करू नये, बायकोनं हाताला हात लावावा. म्हणून क्रांतीने नवऱ्याच्या उजव्या हाताला आपली बोटं लावली आणि तो एकेकाच्या तळव्यावर भंडारा ठेवू लागला. एकेक जण शब्द देत गेला. तात्याची पाळी आली, तर तात्याने हात पुढे केला नाही.

"माझ्यावर एक भंडारा हाय रं अर्जुना. त्यावर दुसरा कसा उचलू?"

"तात्या, तो पहिला रद्द झाला."

"कुणी केला? देवानं?"

"कायद्यानं," अर्जुन म्हणाला. "त्यांनी पाण्याचं आमिष दाखवलं. आमिष दाखवून घेतलेली संमती ही संमतीच धरत नाहीत. म्हणजे तो शब्द तुमचा नव्हताच. मुळात शब्द नाही, तर मोडायचा प्रश्न येतो कुठं?"

लोक हसले. "आरं, वकील देवाचं बी अपील चालवाय लागला!" कुणीतरी मागून म्हणालं.

तात्या हसला नाही. त्याने देवाकडे पाहिलं, मग अर्जुनकडे. ज्याला आपल्या ताटात जेवायला घेतलं ते पोर गावासमोर हात पुढे करून उभं होतं. "तू म्हनतोस तर आसंल," तो म्हणाला आणि तळवा उघडला. बाकीच्यांनी उचललेला भंडारा कपाळाला लावला होता. तात्याने मूठ मिटली आणि तशीच मिटलेली घेऊन, खांद्यावर घोंगडं टाकून तो देवळाच्या पायऱ्या उतरून गेला.

मतदानाच्या दिवशी तात्या शाळेतल्या बूथवर गेला, मत दिलं, बाहेर येऊन लिंबाखाली बसला. येणारे-जाणारे म्हणाले, म्हातारा डुलकी घेतोय. मतदान संपून पेट्या गाडीत चढल्यावर कुणीतरी हलवायला गेलं, तर अंग गार. डाव्या हाताच्या बोटाला शाई होती. उजवी मूठ मिटलेली होती, आणि बायका सांगतात, ती उघडली तेव्हा तळवा पिवळाधमक होता.

अर्जुन थोडक्या मतांनी निवडून आला. मिरवणुकीत लोकांनी त्याच्यावर पोत्यांनी भंडारा उधळला. डोळे मिटून, श्वास कोंडून तो त्या पिवळ्या धुरळ्यात उभा होता. घरी आल्यावर नळाखाली बसला आणि अंगाची साल निघेल इतकं घासून घेतलं. त्या दिवसापासून या घरात पांढरं वरण.

"क्रांती," कधी जेवताना, कधी गाडीत, तो मध्येच विचारायचा, "तात्यानं कुणाला दिलं असेल गं?"

ती काय सांगणार? कुणालाही दिलेलं असो, एक भंडारा मोडलाच होता.

*

सुलाबाई आली ती सोमवारीच. अंगण भरलेलं होतं. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि सरळ पारिजातकाखालच्या त्या रिकाम्या खुर्चीशेजारी भुईवर जाऊन बसली. बसण्याआधी पदराने खुर्चीवरची फुलं झटकली. क्रांती खिडकीतून पाहत होती. ती बाहेर धावली आणि काकीला हाताला धरून आत घेऊन आली.

"काकी, कधी निघालात? फोन करायचा नाही का, गाडी पाठवली असती."

"यस्टी हाय की. आमदार पुतन्याचं गाव, कंडक्टरनं जागा बी दिली." सुलाबाईने चहा बशीत ओतला. "अर्जुनाला बलीव पोरी. मी कामाला आलेय. लोक कसं येत्यात तशीच."

अर्जुन आला, पाया पडला. काकीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बोलली.

"सोनारानं तुज्या तात्याचा टाक करून दिलाय. कवाचा कोनाड्यात पडलाय. देव्हाऱ्यात बसवायला देव कौल देत न्हाई. दोनदा लावला. पुजारी म्हनत्यात, मानूस आनेखाली गेला, ती आन उतरल्याबिगर त्यो देवांत बसत न्हाई. ज्यानं घातली त्यानंच उतरवायची. पयल्या भंडाऱ्याचं मी चेरमनच्या मानसाकडं जाऊन पदर पसरला. त्यानं सोडला. आता तुजा तेवडा ऱ्हायलाय."

घरातला मेलेला माणूस टाकाच्या, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या मूर्तीच्या, रूपाने देव्हाऱ्यात आपल्या वाडवडिलांशेजारी बसतो, तेव्हा त्याचं येणंजाणं थांबतं. क्रांतीच्या माहेरी साताऱ्यातही ही रीत होती. टाक बाहेर राहिला म्हणजे माणूस बाहेर राहिला. ती नवऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागली.

अर्जुन खाली बसला. "काकी, ऐक. चेअरमननी माझ्या निवडीवर हायकोर्टात केस केलीय. त्यात त्यांचं म्हणणं हेच आहे, की मी भंडारा उचलायला लावला. कायद्यात त्याला भ्रष्ट आचरण म्हणतात."

"म्हंजी?"

"म्हणजे देवाच्या कोपाची भीती घालून मत मागितलं, असं."

"मग? घातलीस की."

अर्जुन हळूच म्हणाला, "गावातला एकही माणूस साक्षीला गेलेला नाही. पुरावा काहीच नाही. पण मी स्वतः जाऊन आण उतरवली, तर मीच कबूल केल्यासारखं होतं. आमदारकी जाईल. सहा वर्षं उभं राहता येणार नाही. तळ्याच्या पाण्याची योजना आत्ता कुठं मंजुरीला आलीय काकी. मी गेलो तर तीही बोंबलली."

"त्यांनी बी भंडाराच उचलाय लावला हुता की. त्यांच्यावर न्हाई केस?"

"ते हरले. हरलेल्यावर कोण करणार?"

सुलाबाईला हसू आलं. "झ्याक हाय तुमचा कायदा."

"पुजाऱ्यांना इथं आणतो. घरातल्या घरात उतरवू. चालेल?"

"चार मानसांत घातलीस बाबा," काकी उठत म्हणाली. "घरात कशी उतरंल? मी जोर करत न्हाई. तुजं तात्याबी कदी कुनाला जोर करत नव्हतं. पर सांजच्याला उंबऱ्याभायेर खोकल्यागत आवाज येतोय रं. मी दार उगडती. आत या म्हनती. येत न्हाईत."

तिला सोडायला सम्मेद गाडी घेऊन गेला. पुन्हा यष्टीने जाते म्हणून ती हटून बसली होती, पण क्रांतीने ऐकलं नाही.

*

क्रांती मोठ्या आवाजात बोलणारी बाई नव्हे. वडिलांनी, रयतच्या शाळेतल्या मास्तरांनी, मोठ्या हौसेने नाव क्रांती ठेवलं आणि पोरगी निघाली देवभोळी. साताऱ्यात सगळे यावरून चेष्टा करायचे. दर पौर्णिमेला औंधचा डोंगर चढून यमाईचं दर्शन घ्यायचा तिचा नेम होता. काकी येऊन गेल्यानंतरच्या पौर्णिमेला उतरताना ती अर्जुनला एवढंच म्हणाली, "हाताला माझाही हात होता. माझ्याही अंगावर आहे ते."

गाडीत बसल्यावर तो सम्मेदला म्हणाला, "हिंगणमाळाकडून घे."

दुपार होती. देवळात पुजारी एकटेच होते, खांबाला टेकून. आमदार आलेले पाहून ते गडबडीने फेटा बांधायला लागले.

"कुणाला बोलवू नका," अर्जुन म्हणाला. त्याने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला, मग स्वतःलाच लाजून खाली घेतला. क्रांतीने त्याच्या हाताला बोटं लावली. त्याने देवापुढे उभं राहून घसा साफ केला.

"माझ्याकडून किंवा माझ्या वतीनं, कै. बाळासो कोळेकर यांना कोणतीही आण घातली गेली असल्यास, आणि ती घातली गेली होती असं मान्य न करता, ती मी या ठिकाणी..."

"सायेब," पुजारी मध्येच म्हणाले. ते हात जोडून उभे होते, पण डोळे हसत होते. "देवाला नोटीस द्यायलाय का?"

अर्जुनने वळून पुजाऱ्यांकडे पाहिलं.

"न्हाई, म्हंजी आमी आडानी. पर द्येव बी आमचा आडानीच हाय. त्येला 'मान्य न करता' म्हंजी काय कळायचं न्हाई."

कौल लावला. देवाच्या डाव्या-उजव्या अंगाला पाण्यात बुडवून चिकटवलेल्या कळ्या. उजवीकडली पडली तर होकार. तिघेही बघत राहिले. डोंगरावरून वारा आला, घंटा किणकिणली, दिवा विझता विझता राहिला. कळ्या चिकटल्या होत्या त्या चिकटूनच राहिल्या.

परत येताना ऊन कलायला लागलं होतं. सम्मेद गाडी जोरात हाणत होता. तो जैनाचा, सूर्य बुडायच्या आत जेवायचा. साहेबांबरोबर फिरताना कितीदा त्याला उपाशीच झोपावं लागे आणि त्याची तक्रारही नसे. तासगावच्या अलीकडे त्याने एकाएकी ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली आणि मागचं दार उघडायला मागे हात केला.

"काय झालं?" क्रांतीने विचारलं.

"म्हातारबाबा हात करायलेत की, वहिनी. आपल्या हिंगणमाळच्या वाटेपासनं दोनदा दिसलं. मला वाटलं, साहेबांच्या वळखीचं..." तो वळून पाहू लागला. रस्त्यावर दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा होत्या. माणूस नव्हता. सम्मेदचा चेहरा उतरला. तोंडातल्या तोंडात तो णमोकार म्हणायला लागला.

दार अर्धवट उघडं होतं. अर्जुनने त्या दाराकडे पाहिलं. मग तो हळूच सरकला, क्रांतीच्या अंगाला अंग लागेपर्यंत, आणि दाराकडची जागा मोकळी केली.

"दार लाव सम्मेद," तो म्हणाला. "चल आता."

सांगली येईपर्यंत तो तसाच अंग चोरून बसला होता. क्रांतीने त्या मोकळ्या जागेकडे एकदाही पाहिलं नाही. तिने नवऱ्याचा हात हातात घेतला. त्याची मूठ मिटलेली होती. घरी आल्यावरही ती उघडायला तिला एकेक बोट सोडवावं लागलं. आत काही नव्हतं.

*

बिरोबाची जत्रा गुढीपाडव्यानंतर. त्यानंतरच्याच आठवड्यात हायकोर्टात अर्जुनची साक्ष होती. मुंबईच्या मोठ्या वकिलांनी त्याला बजावलं होतं, "देवळात जा, ढोल वाजवा, काय वाटेल ते करा. भंडारा हा शब्द मात्र तोंडातून काढू नका."

निघायच्या आधी क्रांतीने दिवा लावला. अर्जुन मागे येऊन उभा राहिला.

"तिथं काही बोलणार नाहीस ना तू?"

"मी कधी बोलते का?"

"क्रांती, तुझं एक वाक्य गेलं तरी मी संपलो. पंचवीस वर्षं संपली."

"मी बोलणार नाही," ती म्हणाली. ती खरं बोलत होती. काय करायचं ते तिचं तिलाच अजून ठाऊक नव्हतं.

माळावर माणूस मावत नव्हता. ढोल घुमत होते, गजी नाचणाऱ्यांच्या रंगीत रुमालांनी रिंगण भरलं होतं, आणि सगळ्यांच्या डोक्यांवर पिवळा धुरळा. अर्जुन त्या धुरळ्यातून चालत आला. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. देवळाच्या ओट्यावर बायकांत सुलाबाई बसली होती. पुढे, खांबाजवळ, चेअरमनचा पुतण्या राजवर्धन मोबाइल उंच धरून उभा होता. "या आमदारसाहेब," तो मोठ्याने म्हणाला. "यंदा कुणाकुणाला उचलायला लावताय?" त्याची दोन माणसं हसली.

ढोल थांबले. आमदार जोडप्याने देवावर भंडारा उधळायचा, मग पालखी उठायची, हा मान ठरलेला. पुजाऱ्यांनी ताट पुढे केलं. अर्जुनने दोन बोटांनी चिमूटभर घेतला.

"मूठभर घ्या सायेब. आन् वयनी, हाताला हात लावा."

क्रांतीने हात जोडले आणि जोडूनच ठेवले.

"वयनी," पुजारी हळूच म्हणाले. "हात."

ती हलली नाही. मागे कुजबुज सुरू झाली. लावत का न्हाईत? बाजूला बसायचं आसंल. तसं असतं तर ओट्यावर आल्या असत्या का? पालखीचे भोई खांदे बदलत उभे होते. अर्जुनने वळून तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्याने ते आधी संतापाने, मग भीतीने पाहिलं.

"लाव ना," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

"नाही हो लागत," ती तितक्याच हळू म्हणाली. "पहिला लावलाय तो अजून निघालेला नाही."

एवढंच. ते त्याच्याशिवाय आणि पुजाऱ्यांशिवाय कुणालाही ऐकू गेलं नाही. तिने आपला शब्द पाळला होता. आता तो काहीही करू शकत होता. बायकोची तब्येत बरी नाही म्हणू शकत होता, एकट्याने उधळू शकत होता, हसून वेळ मारून नेऊ शकत होता. गोड बोलून वेळ मारून नेण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. क्रांतीला तेही ठाऊक होतं. तिने डोळे मिटले आणि यमाईचं नाव घेतलं.

मग त्याचा आवाज आला, आणि तो कोर्टातला नव्हता, सभेतलाही नव्हता.

"गेल्या इलेक्शनला, ह्याच जागेवर, मी बाळासोतात्याला भंडारा उचलायला लावला. त्येच्यावर आधीचा एक व्हता. त्यो नको म्हनत व्हता. मी बोलण्यात गुंडाळला त्याला. ती आण माझी. मी ती परत घेतो. तात्यावर काही न्हाई. जे हाय ते माझ्यावर."

ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"साहेब," राजवर्धन खांबाजवळून ओरडला. आपल्या हाती काय आलंय ते त्याला कळलं होतं. "मागं नीट ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा होईल का?"

कुणीतरी त्याच्या अंगावर धावून जायला निघालं. अर्जुनने हाताने थांबवलं. तो खांबाकडे वळला, मोबाइलच्या समोर तोंड केलं.

"घे नीट," तो म्हणाला. "मी, अर्जुन कोळेकर, राहणार हिंगणमाळ." आणि मग पहिल्यापासून सगळं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, साक्षीदाराने पिंजऱ्यात उभं राहून सांगावं तसं त्याने पुन्हा सांगितलं. संमती, आमिष, देवाची भीती. काही गाळलं नाही. त्या शब्दांचं कोर्टात काय होणार ते त्याच्याइतकं तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

बोलून झाल्यावर त्याने हात पुढे केला. क्रांतीने त्यावर बोटं ठेवली. त्याने ताटात हात घालून मूठ भरली आणि उधळली, आणि ढोल पुन्हा सुरू झाले.

पालखी पुढे गेल्यावर सुलाबाई ओट्यावरून उतरून आली. पदराच्या गाठीतला टाक तिने पुजाऱ्यांच्या हातात दिला. कौल लावायचा का, असं पुजाऱ्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, "लावा की. मी हाय हितंच." तिला घाई नव्हती.

अर्जुन तिच्याजवळ पायरीवर बसला. केसांत, भुवयांत पिवळं भरलेलं होतं. "काकी," तो म्हणाला, "एक सांग. त्या दिवशी सकाळी घरातनं निघताना तात्या काही बोलला का? मत कुणाला देतोय, काही?"

"न्हाई."

"काहीच नाही?"

"भाकरी बांदून दिलती, ती घेटली. येतू म्हनालं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "ते त्येंचं हाय अर्जुना. मला बी सांगितलं न्हाई. तू नगो इचारूस."

त्याने मान डोलावली. पण क्रांतीने पाहिलं, तो प्रश्न त्याच्या तोंडावरून गेलेला नव्हता. तो तिथंच राहणार होता, आमदारकी राहो की जावो, तो पुन्हा तालुक्याच्या कोर्टात मेंढरांच्या केसेस चालवो की न चालवो. कधी जेवताना, कधी गाडीत तो मध्येच विचारणार आणि तिला उत्तर देता येणार नाही.

खिशातला मोबाइल वाजायला लागला. मुंबईचे वकील. राजवर्धनचं चित्रण देवळाच्या पायऱ्या उतरायच्या आधीच मुंबईला पोचलं होतं. अर्जुनने तो वाजू दिला, थांबला, पुन्हा वाजला. मग त्याने हात धोतराला पुसून तो कानाला लावला.

"हो साहेब," तो म्हणाला. "तुम्ही ऐकलंत ते मीच बोललो."